दोन कागदांमधला चेहरा

धसईच्या बाजारात, एसटी वळते त्या जागेच्या थोडं पुढे रविंद्र विशे यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान त्यांचं, पण गिऱ्हाईक आत आलं की आधी लहानीकडे बघतं. सातबारा काढायचा असो, पोराच्या दाखल्याची रंगीत प्रत हवी असो की लग्नपत्रिकेवर देवाचं चित्र टाकायचं असो, लहानी हिंदोळे आधी काम करते आणि मग बोलते. कधी कधी बोलतही नाही.

ती डोंगराकडच्या वाडीतली. घरी थोडी भातखाचरं आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी. शाळा आठवीपर्यंत. दुकानात ती आली ती झाडलोट करायला आणि पाण्याचा माठ भरायला. मग मशीनमध्ये अडकलेला कागद न फाडता काढायला शिकली, मग लॅमिनेशन, मग एक दिवस रविंद्रशेठ तालुक्याला गेलेले असताना दारात दहावीच्या पोरांची रांग लागली आणि तिने कॉम्प्युटर चालू केला. त्या दिवसानंतर तिला कुणी झाडू हातात घ्यायला सांगितलं नाही. सवयीने ती अजूनही घेते.

तिचा नवरा शाम भिवंडीच्या गोडाऊनमध्ये हमालीला जायचा. दिवाळीनंतर भात झोडून झालं की जायचा आणि अधूनमधून घरी यायचा. एका वर्षी गेला तो आलाच नाही. फोन काही दिवस वाजला, मग बंद लागू लागला. सोबतची माणसं म्हणाली, तो दुसऱ्या मुकादमाबरोबर गेला. कुणी वापीचं नाव घेतलं, कुणी पुण्याचं. पोलिसांत नोंद झाली. त्यांची मुलगी कुणाली तेव्हा अंगणवाडीत जात होती, आता मुरबाडला अकरावीला आहे. एवढी वर्षं गेली, पण शाम गेला असं वाडीत कुणी म्हणालं नाही आणि आहे असंही कुणी म्हणत नाही. हळदीकुंकवाला बायका लहानीच्या कपाळापर्यंत बोट नेतात आणि क्षणभर थांबतात. लावतात सगळ्याच, पण थांबतातही सगळ्या.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर पोस्टर छापायचा एक प्रोग्राम आहे. रविंद्रशेठनी तो कुठूनसा फुकट उतरवून घेतला होता आणि विसरून गेले होते. लहानीने तो करून करून शिकून घेतला. त्याला एक चित्र द्यायचं, आडवे किती कागद आणि उभे किती ते सांगायचं. तो चित्रावर चौकटी आखतो, चित्राचे तुकडे करतो आणि एकेक तुकडा एकेका साध्या कागदावर मोठा करून छापतो. कागद ओळीने चिकटवले की भिंतीएवढं चित्र होतं. गोम एवढीच की शेजारच्या दोन कागदांच्या कडेला चित्राची एक पट्टी दोन्हीकडे छापलेली असते. ती पट्टी खुणेवर खूण ठेवून एकावर एक बसवावी लागते. अंगणवाडीसाठी केलेल्या पहिल्या हत्तीचा कान त्यामुळे दोनदा आला होता. अंगणवाडीच्या बाईंनी तो तसाच लावला आणि पोरांनी काही तक्रार केली नाही.

फ्लेक्स करायचा तर मुरबाडला जावं लागतं, शिवाय तो ट्यूबलाइटखाली चमकतो. म्हणून आसपासच्या शाळा लहानीकडून कागदाचीच चित्रं करून घेऊ लागल्या. यंदा माघात मनस्वी मॅडम आल्या. वरच्या एका वाडीतल्या शाळेवर त्या शिकवतात. गॅदरिंगला स्टेजच्या मागे लावायला त्यांना म्हसा गावच्या जत्रेचा फोटो हवा होता. त्यांच्या भावाने तो नुकत्याच सरलेल्या पौषात एका टेम्पोच्या टपावर चढून काढलेला. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, धूळ आणि माणसंच माणसं. मॅडमनी फोटो फोनवरून पाठवला, परवापर्यंत द्या म्हणाल्या आणि जीप पकडायला गेल्या.

लहानीने फोटो प्रोग्राममध्ये टाकला आणि छपाई सुरू केली. कागद एकेक करून बाहेर येत होते. एकावर नुसतं आभाळ, एकावर बैलाची शिंगं, एकावर घोंगड्यांची चळत. ती येईल तसा कागद घेऊन कडा कापत होती. मग एक कागद आला, त्याच्या उजव्या कडेला अर्धा चेहरा होता. एक कान, एक भुवई, गालाचं हाड आणि तोंडाचा कोपरा. खांद्यावर घोंगडी, हातात बैलाचं दावं.

तिने तो कागद टेबलावर पालथा ठेवला. पुढचे दोन कागद कापून झाल्यावर पुन्हा उचलला. तो शाम होता. कान जरा पुढे आलेला, भुवई टोकाला तुटलेली. लहानपणी विळा लागल्याची ती खूण तिने कितीदा बोटाने चाचपली होती.

चेहऱ्याचा दुसरा अर्धा भाग शेजारच्या कागदावर होता. तिने खुणेवर खूण ठेवून दोन्ही जोडले आणि शाम गेला. समोर रुंद जबड्याचा, कधी न पाहिलेला माणूस होता. तिने कागद वेगळे केले. डाव्या कागदावर पुन्हा शाम. उजवा कागद बोटभर आत सरकवला, तर चेहरा अरुंद झाला, नाक सरळ झालं आणि पूर्ण शाम तिच्याकडे बघायला लागला.

खूण धरली की परका, खूण सोडली की नवरा. खूण खरी असणार हे तिला कळत होतं. पण त्याच मशीनमध्ये कागद कधी कधी तिरका ओढला जातो आणि खूण थोडी हलते, हेही तिनेच कितीदा पाहिलं होतं.

रविंद्रशेठ जेवून आले तेव्हा ती दोन कागद पुढे-मागे सरकवत बसली होती. तिने सांगितलं तेवढं त्यांनी ऐकून घेतलं. शामला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना दोन्ही चेहरे सारखेच परके वाटले. मग त्यांनी सुचवलं की फक्त तो चेहराच कापून घेऊ आणि तो तेवढा चार कागदांवर मोठा करू, म्हणजे नीट दिसेल. तसं केलं. कागद बाहेर आले तर त्यांवर नुसते चौकोन. करडे, काळे, मातकट. डोळ्याच्या जागी एक गडद चौकोन आणि त्याला लागून फिकट चौकोन. भुवईचं टोक कुठे संपतं ते दिसेनासं झालं.

रविंद्रशेठनी समजावलं की एवढ्या गर्दीच्या फोटोत एका माणसाच्या वाट्याला फार थोडे ठिपके येतात. प्रोग्राम ते ठिपके मोठे करून देतो, पण त्यात जे आलेलंच नाही ते कुठून आणणार?

"मग ह्यो चेहरा फोटोत हाय का नाय?" लहानीने विचारलं.

रविंद्रशेठनी एक कागद उचलून उजेडाकडे धरला. "आहे पण आणि नाही पण," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांनाच आवडलं नाही.

मॅडमचं चित्र तिने खुणेवर खूण ठेवूनच पूर्ण केलं. चेहऱ्याचे चार कागद मात्र गुंडाळून घरी नेले.

तिने ते ओटीवरच्या भिंतीला लावले, तेव्हा सासू जनाबाई अंगणात होती. जनाबाईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, दुसऱ्याचा राहिलाय. तिने अंगणातूनच वर पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "शाम हाय," ती म्हणाली. कुणी काही विचारलेलं नव्हतं. मग ती ओटीवर चढली, भिंतीशी गेली, नाक टेकेल इतकी जवळ गेली आणि वळून विचारू लागली की हे काय लावलंय, हा कोण. पुन्हा अंगणात गेली तर पुन्हा शाम.

लहानीने स्वतः तसं करून पाहिलं. अंगणाच्या टोकाला, चिंचेखाली उभं राहिलं की तो होता. ओटीच्या पायरीवर आलं की डळमळायचा. ओटीवर चौकोन.

कुणाली कॉलेजातून आली. तिला मुद्दाम काही न सांगता चिंचेखाली उभं केलं. ती बघत राहिली. आई आणि आजी दोघी आपल्या तोंडाकडे बघतायत हे तिला कळलं.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "मला बाबा आठवतच नाय."

हे ती पहिल्यांदाच बोलली होती. इतकी वर्षं बाबांचा विषय निघाला की ती मान हलवायची आणि घरात सगळ्यांना वाटायचं तिला आठवतं.

घरात शामचा एकच फोटो होता, पासपोर्टचा, रेशनकार्डासाठी काढलेल्यांतला उरलेला. दुसऱ्या दिवशी लहानीने तो दुकानात नेला, स्कॅन केला आणि त्याच प्रोग्रामवर त्याच मापात चार कागदांवर छापला. दोन्ही शेजारी ठेवले की निकाल लागेल असं तिला वाटलं होतं. पण छोटा, जुना फोटो इतका मोठा केल्यावर त्याचेही चौकोनच झाले. दोन्ही चेहरे एकमेकांसारखे दिसत होते, कारण दोन्ही चेहऱ्यांसारखे दिसतच नव्हते. त्यात नवऱ्याचा फोटो तिला जास्त परका वाटला. ती घाबरली. तिने तो घरी नेलाच नाही.

पुढचे काही दिवस तिचं कामात लक्ष लागेना. एकाचा दाखला दुसऱ्याच्या पाकिटात गेला. तो नसेल तर प्रश्न होता तिथेच राहणार होता, त्याची तिला सवय होती. पण तो असेल तर तो म्हशाला आला होता. म्हसा काही लांब नाही. तिथपर्यंत आलेला माणूस बैलाचं दावं धरून उभा राहतो आणि घरी येत नाही, याचं काय करायचं? तो सापडावा असं आपल्याला वाटतंय की सापडू नये असं, हे तिला ठरवता येईना. रात्री अंथरुणावर एक वाटायचं आणि सकाळी दुकानाकडे येताना उतरणीवर दुसरं.

ठरवलं ते जनाबाईने. तिने रोज एकच विचारायला सुरुवात केली, कधी जायचं. कुठे जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा रविंद्रशेठनी जत्रेचा फोटो पुन्हा उघडला. त्या माणसाच्या शेजारी पांढऱ्या टोपीतला एक जाडजूड गृहस्थ होता, त्याचा चेहरा पुरता एका कागदात आला होता. रविंद्रशेठनी तो ओळखला. शहापूर तालुक्यातल्या शेणव्याकडचा बैलांचा व्यापारी, भिमाशेठ. नंबर मिळायला एक दिवस लागला. फोनवर भिमाशेठ म्हणाला, दावं धरलेला ना, तो माझ्याकडंच असतो, नवसू नाव त्याचं. कुठला? ते काही त्याने कधी नीट सांगितलं नाही, पण माणूस कामाला चांगला.

लहानीने हे घरी सांगितलं. नाव नवसू आहे म्हटल्यावर विषय मिटेल असं तिला वाटलं. जनाबाई मात्र जागेवरून उठली. शाम नवसाचा होता, ती म्हणाली, पाळण्यात असताना मी त्याला नवसूच म्हणायची. लहानीने हे कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या भिमीला विचारलं, तर ती म्हणाली, म्हणत असेल बाई, तेव्हा सगळ्याच काही ना काही म्हणायच्या. जनाबाईला खरंच आठवत होतं की आता आठवायला लागलं होतं, ते कुणाला कळायला मार्ग नव्हता. बहुतेक तिलाही नव्हता.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तिघी निघाल्या. धसईहून सरळगाव, तिथून जीपने किन्हवली आणि पुढे शेणव्याकडे. जनाबाईने नवं लुगडं नेसलं होतं आणि डब्यात नाचणीच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेतली होती. लहानी खिडकीतून शेतं बघत होती आणि भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत होती. एकही पूर्ण झालं नाही.

भिमाशेठचा गोठा गावाबाहेर होता. एका लांब, सरळ पायवाटेच्या टोकाला. तिथे एक माणूस पाठमोरा उभा राहून बैल घासत होता. लहानीचे पाय थांबले. पाठ शामची होती. एक खांदा खाली, मान पुढे. जनाबाई तोपर्यंत दहा पावलं पुढे गेली होती, इतकं भरभर चालताना कुणालीने तिला कधी पाहिलं नव्हतं. माणसाने चाहूल लागून मागे पाहिलं. इतक्या लांबूनही तो शामच होता. लहानी चालू लागली आणि प्रत्येक पावलागणिक तो थोडा थोडा कमी होत गेला. आधी उंची कमी पडली, मग जबडा रुंद झाला. गोठ्याच्या गव्हाणीशी पोचेपर्यंत समोर चाळिशीही न गाठलेला एक अनोळखी माणूस होता. भुवई टोकाला तुटलेली नव्हती, तिथे वाळलेलं शेण लागलं होतं. तो बोलला तेव्हा आवाजही वेगळा, घशातला.

पण जनाबाईने त्याचे दोन्ही हात धरले होते. ती त्याला जेवलास का म्हणून विचारत खाली बसायला ओढत होती.

नवसू गोंधळून लहानीकडे बघू लागला. तिने त्याला थोडक्यात सांगितलं: फोटो, जत्रा, नवरा, आणि आमची चूक झाली. सांगताना तिला शरम वाटत होती आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि त्या उतरण्याची पुन्हा वेगळी शरम. त्याने सगळं ऐकलं. हात सोडवून घेतले नाहीत.

"मी तुमचा नाय," तो हळू म्हणाला. "पन आय बसतेय तर बसू द्या तिला."

मग गोठ्यातल्या पेंढ्यावर बसून ते सगळे जेवले. नवसूने जनाबाईच्या दोन भाकरी खाल्ल्या. जनाबाई त्याला बैलांची नावं विचारत होती, पाऊस कसा झाला विचारत होती. शाम म्हणून तिने त्याला एकदाही हाक मारली नाही आणि नवसू म्हणूनही नाही. निघताना तो पायवाटेच्या अर्ध्यापर्यंत सोडायला आला. तुझं गाव कुठलं, असं लहानीने विचारलं, तर तो म्हणाला, लांब आहे, आणि बैलाचं निमित्त करून वळला. त्याच्याही घरी कुणी भिंतीला काही लावून बसलं असेल का, असं तिच्या मनात आलं. ते विचारायला ती परत फिरणार होती, पण कसं विचारायचं ते सुचेना.

सरळगावच्या नाक्यावर धसईची गाडी यायला वेळ होता. तिघी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"तो नव्हता," जनाबाई म्हणाली. "हात धरला तवाच कळलं मला."

"मग सोडला का नाय?" लहानीने विचारलं.

जनाबाईने लुगड्याच्या पदराने डोळे पुसले, आधी चांगला, मग दुसरा. "कसा सोडायचा गो," ती म्हणाली.

थोड्या वेळाने कुणालीने विचारलं, बाबा कसे होते. आता खरं सांग, असंही म्हणाली. लहानीने तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांपुढे आधी चौकोन आले, मग नवसूचा जबडा, मग पासपोर्ट फोटोतला तो परका. चेहरा कुठला सांगावा हेच कळेना. म्हणून चेहरा तिने सोडून दिला. तिने सांगितलं की तो वाडीच्या चढावर नेहमी पुढे पुढे जायचा, हाक मारली तरी थांबायचा नाही, आणि मग वळणावर आपल्यासाठी उभा असायचा, मागे न बघता. तिखट खाल्लं की त्याला उचकी लागायची. तुला झोप लागत नसली की अंगणात घेऊन फिरायचा आणि गाणं येत नाही म्हणून बैलांना हाकारतात तसं काहीतरी म्हणायचा.

"तसं नाय म्हनायचा," जनाबाई मध्येच बोलली, आणि कसं ते स्वतः म्हणून दाखवू लागली. लहानीला ते चुकीचं वाटलं, तिने आपलं म्हणून दाखवलं. कुणाली एकदा आजीकडे बघत होती, एकदा आईकडे. दोघींचं अजून जुळलं नव्हतं, तेवढ्यात गाडी आली.